टाळी द्यायची राहिली

मथुरा रणपिसेचा आवाज मंगळवारी सकाळी नऊच्या एसटीनं लोणवाडीत उतरला, दीड तास भारूड गायला आणि निघून गेला. मथुरा स्वतः अकराच्या एसटीनं पोचली. मांडव सुटत होता.

"बाई, लई रंगलं आज," खुर्च्या एकात एक घालता घालता सरपंच म्हणाले. "तुम्ही तेवढ्या दिसला नाहीत."

मथुरा रिकाम्या मांडवात उभी राहिली आणि दीड तास तोंड हलवत राहिली. गाऊन झालेलं असलं तरी गावं लागतंच. मागं एकदा तिनं कंटाळून शेवटचं कडवं सोडलं, तर त्या गावचे लोक आधीच तक्रार करून बसले होते की शेवटी बाईंचा घसा बसला. आणि लवकरची एसटी धरून उपयोग नव्हता. आवाज त्याच्याही आधीची धरायचा.

चूक तिचीच होती. मथुरा भारुडं गायची आणि गाण्याचे दिवस नसतील तेव्हा गाणाऱ्यांवर माहितीपट काढायची. त्या कामात चित्र कॅमेऱ्यात जातं आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरमध्ये. म्हणून प्रत्येक शॉटआधी कॅमेऱ्यासमोर कुणीतरी एक टाळी द्यायची. नंतर तळवे भेटलेले दिसतात ती जागा आणि टाळी ऐकू येते ती जागा एकावर एक ठेवली, की माणूस आणि त्याचा आवाज जुळतो. एकोणीस वर्षं ही टाळी हिरामणतात्या देत आले. गाताना तेच तिच्या मागं तुणतुणं घेऊन उभे राहायचे आणि ओळ संपली की "जी जी" म्हणून उचलून धरायचे.

सातवा माहितीपट तुणतुण्यावरच होता. त्यात तात्या अकरा सेकंद दिसले.

"आणि त्यात पण मी शिंकतोय," तात्या म्हणाले.

"तात्या, बाकी सगळीकडं तुम्ही कॅमेऱ्यातच बघताय. ते वापरता येत नाही."

"एकोणीस वर्षं तुझ्या पाठीकडं बघितलं. एकदा समोर बघितलं तर काय बिघडलं?"

तुणतुणं पिशवीत घालून ते आंबेवडीला, आपल्या घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी मथुरानं एकटीनंच कॅमेरा लावला, त्याच्यासमोर उभी राहून भारूड म्हटलं, आणि टाळी द्यायची राहिली.

सुरुवातीला फरक थोडाच होता. खानावळीत "मीठ" म्हणायला तोंड उघडावं तर मीठ समोर आलेलं. लोकांना ती चटपटीत वाटू लागली. मग फरक एका वाक्याचा झाला, मग एका एसटीचा. पावलांचा आणि बांगड्यांचा आवाजही पुढं जायला लागला. कार्यक्रम मात्र वाढले. पत्रिकेवर तिचा फोटो छापणं कुणीतरी बंद केलं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. एका मंडळानं तिच्या आवाजाला शाल दिली, खुर्चीवर पांघरून. ती पोचली तेव्हा शालीवर मांजर झोपलं होतं. तिनं ते उठवलं नाही.

बुधवारी फरक पूर्ण दिवसाचा झाला. असंच चाललं तर उद्या ती ज्या गावात जाईल, तिथली माणसं तिला ऐकून कधीच म्हातारी झालेली असतील. जुळवायचं तर टाळी हवी होती, आणि ती देणारे हात एकच होते. गुरुवारी ती आंबेवडीच्या एसटीत बसली.

कंडक्टरनं न विचारता खिशातून तिकीट काढून दिलं. "काल मागितलं होतंत. कापून ठेवलंय."

तात्या घराच्या ओट्यावर बसले होते. पुढं दोन कप. एकातल्या चहावर साय धरली होती.

"आलीस? काल ऐकलं."

मथुरानं तोंड हलवलं.

"ते काल झालं, मथुरे. माफ केलं म्हणालो मी. दारात कुणी नव्हतं, पण म्हटलं असशील."

'परत म्हणा,' ती ओठांनी म्हणाली.

"तेही म्हणालीस काल. मग परत म्हणालो." तात्यांनी सायीचा कप बाजूला सारला. "रडलीस बरं का नंतर."

तेव्हा मथुराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मग अंगणात एक टाळी वाजली. चांगली कडक. वाटलं, तूच पोचलीस. उठून बघतो तर कोण नाही. आणि कुणीतरी 'आयला' म्हणालं. शेजारचा बाबू असेल."

मथुरानं अंगणात कॅमेरा लावला, रेकॉर्डर चालू केला आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. तात्यांनी टोपी सारखी केली, तळवे धोतराला पुसले आणि ते तिच्या मागं नाही, शेजारी येऊन उभे राहिले. सरळ कॅमेऱ्यात बघत. या वेळी तिनं त्यांना अडवलं नाही.

"देऊ?"

तिनं मान हलवली.

तात्यांनी हात वर नेले आणि तळवे एकमेकांवर आपटले. जोरात आपटले, बाहीवरची धूळ उडाली. पायाशी कोंबडी दाणे टिपत होती, ती टिपतच राहिली. रेकॉर्डरचा काटा जागचा हलला नाही.

तात्यांनी दोन्ही तळवे उलटसुलट करून बघितले. मग त्यांनी मथुराकडं बघितलं आणि त्यांचे ओठ हलले.

मथुराला ते वाचता आलं. "आयला."