मी झोरुबेगा, सात गावं जाळणारा

मी झोरुबेगा बोलतोय. आधी ते ढोल थांबवा. मी तोंड उघडलं की मागे ढोल वाजतात, बायकांचा कोरस सुरू होतो, आणि मी काय म्हणतोय ते कोणाला ऐकूच जात नाही. तीस वर्षांहून जास्त काळ हेच चाललंय.

'सात दिव्यांची गाथा' या गेममालिकेचा मी खलनायक. जातीने ड्रॅगन. पंख, शेपूट, आग, सगळं जिथल्या तिथे आहे. दर भागात मी मरतो. पुढच्या भागात कोणीतरी झगेवाला येऊन मंत्र पुटपुटतो आणि मला पुन्हा उठवतो. मला उठायचंय का, हे एकानेही विचारलेलं नाही.

माझा जन्म साप्पोरोतला, लोणच्याच्या दुकानावरच्या एका खोलीतला. पाच माणसं, दोन रॉकेलचे हीटर, आणि खाली दुकानाच्या पाटीपर्यंत चढलेला बर्फ. मला काढलं कुसुमोतो सानाएने. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. त्याआधी मासळीबाजाराच्या जाहिरातपत्रकांवर खेकडे काढायची. ड्रॅगन तिने आयुष्यात काढला नव्हता. समोर डब्यात भाजलेला होक्के मासा होता, त्याच्याकडे बघत बघत तिने आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन भरून माझा जबडा तयार केला. आज माझे चाहते माझ्या सागरी पूर्वजांवर लांबलचक लेख लिहितात. पूर्वज कसले, बाईचं दुपारचं जेवण होतं ते.

तेव्हा गेममध्ये मोजकेच रंग मावायचे; हिरवा जंगलातच संपला, म्हणून मी जांभळा झालो. नावाला चार अक्षरांची जागा होती, म्हणून झोरुबेगा. पंख हलवायला गेमच्या कॅसेटमध्ये जागाच उरली नाही, त्यामुळे पहिल्या भागात मी नुसता जबडा उघडमिट करत हवेत टांगलेला आहे. सुरुवातीला काळ्या पडद्यावर एक ओळ येते, 'झोरुबेगाने सात गावं जाळली.' बस्स. का जाळली, ते नाही.

खेळणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. मी गरजतो, 'उद्या पहाटे जगाची राख होईल!' समोरचा वीर ते ऐकतो, पाठ फिरवतो आणि नदीवर मासे पकडायला जातो. चाळीस-चाळीस तास. मेंढ्या पाळतो, घराला रंग देतो, कोणा म्हातारीची हरवलेली कढई शोधून देतो. तोवर मी आपला टोकदार दगडावर बसून. शेवटी आलाच, तर सातूचा गार चहा पितो, तळवे पँटला पुसतो आणि लढतो. मी जिंकलो की म्हणणार, "हा चीटिंग करतो." तो जिंकला की, "छे, सोपा होता."

चौथ्या भागात तर कहर झाला. रुपेरी केसांचा एक फिकट राजपुत्र ऐनवेळी उगवला आणि म्हणाला, झोरुबेगा म्हणजे माझं पाळीव जनावर. पाचव्या भागानंतर माझी कापसाची बाहुली निघाली. पोट दाबलं की ती चिवचिवते.

या सगळ्यात एकच गोष्ट बरी घडली. तिसऱ्या भागात मला आवाज मिळाला. तो आवाज ओतारूच्या एका छोट्या नाटकमंडळीतल्या नटाचा, सावामुरा गेन यांचा. हिवाळ्यात नाटकं बंद असली की ते पालिकेची बर्फ काढायची गाडी चालवायचे. पहिल्या दिवशी खांद्यावर बर्फ घेऊनच स्टुडिओत आले, आल्याचं गरम सरबत प्यायले, हातातला कागद वाचला आणि म्हणाले, "हा हसतो कशाला?"

"खलनायक आहे ना, सावामुरा-सान," तेव्हाचा डायरेक्टर म्हणाला.

"माझा मेहुणाही हलकट आहे. तो असा हसत नाही."

काचेपलीकडे कुसुमोतो तोंडावर हात धरून हसायला लागली. हसणं शेवटी घेतलंच त्यांनी, एकेचाळीस वेळा. शेवटच्या हसण्यापर्यंत सावामुरा पुरते कावले होते, आणि नेमकं तेच गेममध्ये ठेवलं. लोकांना त्यात क्रौर्य ऐकू येतं. वैताग आहे तो, त्यांचा आणि माझा. त्या दिवसापासून आमचं जमलं.

आता सातव्या भागाचं ऐका. तोवर लोणच्याचं दुकान मागे पडलं होतं, कंपनी मोठ्या इमारतीत गेली होती आणि छप्पन्न वर्षांची कुसुमोतो चित्रविभागाची प्रमुख झाली होती. डायरेक्टर नवीन होती, तात्सुमी रेइ. चौतिशीतली, लहानपणापासून मला मारत मोठी झालेली. अडचण अशी की तिचा माझ्यावर जीव होता. तिला माझं भलं करायचं होतं.

तिने शेवट असा लिहिला की मी हरतो, माझ्या डोळ्यात पाणी येतं, मी म्हणतो, 'मला माफ करा, मी एकटा होतो,' आणि सगळे वीर येऊन माझ्या नाकाला मिठी मारतात. त्या अश्रूवर तीन माणसं चार महिने राबत होती. हंड्याएवढा होता तो.

आवाजाचं काम शरद ऋतूत व्हायचं होतं. पण जुलैमध्ये सावामुरा स्टुडिओत आले आणि त्यांनी कुसुमोतोला बाजूला बोलावलं. मी तिथेच भिंतीवरच्या स्क्रीनवर होतो.

"घशात गाठ निघालीय," ते म्हणाले. "एकवीस तारखेला स्वरयंत्रच काढणार आहेत."

"मग आवाज?"

"स्वरयंत्र काढल्यावर आवाज कुठून येणार, सानाए-चान?"

त्या अख्ख्या इमारतीत तिला अशी लाडाने हाक मारणारं दुसरं कोणी नव्हतं. ती तडक तात्सुमीकडे गेली आणि काम अठरा तारखेवर आणून ठेवलं.

अठराला सकाळभर ते माझ्यासाठी गरजले. धमक्या दिल्या, मंत्र म्हटले, 'भस्म हो' नऊ तऱ्हांनी म्हटलं. मध्येच थांबून घोट घ्यायचे आणि डोळे मिटून गिळायचे. मग शेवटचं पान आलं. त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"तात्सुमी-सान, हे मी म्हणणार नाही."

तात्सुमी गडबडली. "पण मी ते त्याची सुटका व्हावी म्हणून लिहिलंय. लहानपणापासून मला वाटायचं, याला कधी कोणी काही विचारलंच नाही."

"विचारा की. पण सात गावं जाळायची आणि वर म्हणायचं, मी एकटा होतो? आमच्या घरात असं कोणी बोललं असतं तर आईने जेवायला वाढलं नसतं."

मी स्क्रीनवर लटकत होतो, डोळ्यात चार महिन्यांचा तो अश्रू घेऊन. आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी वाईट आहे, हे मला ठाऊक आहे. दुसरं काही माझ्या हातात कधी दिलंच नाही कोणी. निदान तेवढं तरी माझ्याकडे राहू द्या. एका मिठीत ते धुऊन टाकू नका.

तात्सुमीचे कान लाल झाले होते. "मग त्याने काय म्हणावं?"

"त्या गावांची नावं काय होती?" सावामुरांनी विचारलं.

तात्सुमीने कागद उलटेपालटे केले. मग कॉम्प्युटरमध्ये शोधलं.

"शोधू नका, नाहीच आहेत," कुसुमोतो म्हणाली. "जागा नव्हती. मी एकच गाव काढलं आणि सात वेळा चिकटवलं."

इतकी वर्षं ज्या गावांपायी मी मार खातोय, ती कुठली, हे मलाच माहीत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे मी कधी विचारलंही नव्हतं. मला लाज वाटली. मान खाली घालावीशी वाटली, पण त्या दृश्यात माझी मान वर होती, म्हणून ती तशीच राहिली.

सावामुरांनी पान उलटं करून पेन्सिल काढली. "एक आमचं लिहितो. कुमानेसावा. कोळशाची खाण होती. मी चौदा वर्षांचा असताना ती बंद पडली, आणि दोन वर्षांत गावात कुत्रंसुद्धा उरलं नाही. शाळेच्या छपरातून आता झाडं वर आलीत." त्याच खोऱ्यातल्या आणखी दोन वस्त्यांची नावं त्यांनी त्याच्या वर लिहिली. कुसुमोतोने समुद्राकाठच्या तीन वाड्या सांगितल्या. हेरिंग मासा यायचा बंद झाला तशी तिथली माणसं उठून गेली होती. एका वाडीत तिची मावशी राहायची.

"सहा झाली. तुमचं सांगा," सावामुरा तात्सुमीला म्हणाले.

"मी तोक्योची. आम्हाला कुठलं गाव."

"बरं."

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "आमची वसाहत होती. सहा इमारती. मी परीक्षेला बसले होते त्या आठवड्यात पाडल्या."

"नाव?"

"मिदोरी-दाई."

"लिहा ना मग. माझ्याकडे काय बघताय?"

मग ते माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी सात नावं म्हटली. रडले नाहीत, गरजले नाहीत. शाळेतले मास्तर हजेरी घेतात तशी म्हटली. सातव्या नावानंतर माइकपासून मागे सरले. तात्सुमी बारीक आवाजात म्हणाली, "आणखी एकदा घेऊ या का, सावामुरा-सान? म्हणजे हाताशी असावं म्हणून." त्यांनी घशाला हात लावला आणि नाही म्हणून मान हलवली.

तात्सुमीने माफी काढली, मिठी काढली, अश्रूही काढला. तो अश्रू बनवणाऱ्या तिघांनी चार दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आता मी हरतो, सात नावं घेतो, मान खाली ठेवतो आणि वीर तलवार उचलतो. तेवढा वेळ ढोलही थांबतात.

तुम्हाला वाटेल, लोक हेलावले असतील. काही हेलावले. बाकीच्यांनी काय केलं? बटण दाबून पुढे गेले. पहिल्या नावाचं पहिलं अक्षरसुद्धा पुरतं उच्चारू दिलं नाही. अरे, चाळीस तास मासे पकडलेत ना? मग इथेच कसली घाई?

सावामुरांची शस्त्रक्रिया नीट झाली. आता त्यांच्या गळ्याला भोक आहे, त्यावर रुमाल असतो, आणि बोलायचं ते ते वहीत लिहितात. त्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता. पण सातवा भाग बाजारात आला तसा ओतारूच्या घरी मागवला, आणि दुलई घातलेल्या गरम मेजाखाली पाय घालून माझ्यासमोर बसले.

काय सांगू तुम्हाला. इतका वाईट खेळाडू मी पाहिलेला नाही. हिवाळा निम्मा सरला तेव्हा कुठे माझ्यापर्यंत पोचले, आणि मग रोज हरायला लागले. मला त्यांना सोडता येत नाही. माझी शेपूट तिसऱ्या झेपेनंतर फिरते म्हणजे फिरतेच, समोर कोणी असो. मला ओरडावंसं वाटायचं, डावीकडे व्हा हो, डावीकडे. पण माझ्या तोंडून काय निघणार? 'भस्म हो.' तेही त्यांच्याच आवाजात. आपल्याच जुन्या आवाजाच्या शिव्या खात तो माणूस अकरा दिवस माझ्यासमोर मरत होता.

त्यांची बायको फुमिए स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, शेजारच्या योनेझावांच्या सुनेला बोलावू का? तिने याला दोनदा लोळवलंय म्हणे."

ते नाही म्हणून मान हलवायचे.

बाराव्या दिवशी, दुपारी, ते डावीकडे झाले. चुकून झाले असतील. पण झाले, आणि मी कोसळलो. आयुष्यात पहिल्यांदा मला पडताना आनंद झाला. मी नावं घ्यायला लागलो. फुमिए हात पुसत दारात येऊन उभी राहिली. बरेच महिने तिने तो आवाज असा साधा बोलताना ऐकला नव्हता. सावामुरांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते, सातही नावांना.

मग त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला, कपाळाला आठ्या घातल्या आणि वहीत लिहिलं. फुमिएने डोळे पुसून ते मोठ्याने वाचलं, "तिसरं नाव घाईत गेलं."

"इतकं काय त्यात?" ती म्हणाली. "कोणाच्या लक्षात येणार आहे?"

त्यांनी वही ओढून घेतली आणि लिहिलं, "तिथल्यांच्या."

तिसरं नाव म्हणजे कुमानेसावा. आता ते पुन्हा घेता येणार नाही. त्यांच्याकडे आवाज नाही आणि माझ्याकडे त्यांनी दिला तेवढाच आहे. म्हणून तुम्हाला सांगतोय. मला मारा, खुशाल मारा, माझी त्याला हरकत नाही. पण नंतर बटणावरचा अंगठा जरा उचला. तिसऱ्या नावाला कान देऊन ऐका, ते पटकन जातं.