शिट्टी थांबली तेव्हा

आमचे हे फर्निचरला स्प्रेनं पॉलिश मारायचे, आणि ह्यांना लहानपणापासूनचा दमा. डॉक्टरांनी दोन पंप दिलेले. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, निळा फक्त धाप लागली तर. ह्यांनी तपकिरी कपाटात टाकला. म्हणे, "त्यानं काही कळतच नाही. निळा कसा, मारला की छाती मोकळी!"

मग एका हॉटेलच्या दीडशे खुर्च्या आल्या. निळा पंप तासातासाला खिशातून निघू लागला. माझी नणंद छातीच्या वॉर्डात नर्स आहे. ती म्हणाली, "दादा, निळ्यानं नळ्या तेवढ्यापुरत्या उघडतात. आतली सूज तशीच राहते. ती तपकिरीनंच उतरते."

"तुला तर जिथं तिथं पेशंटच दिसतात," हे म्हणाले.

रविवारी सकाळी उठले तेच धापा टाकत. माझ्या शिलाई मशीनच्या आवाजातही मला ह्यांच्या छातीतली शिट्टी ऐकू येत होती. गुडघ्यांवर हात रोवून, पुढं वाकून बसलेले. दवाखान्यात चला म्हटलं, तर मानेनंच नाही. पंपावर पंप चालू.

दुपारी शिट्टी थांबली. माझा जीव भांड्यात पडला. लगेच नणंदेला फोन केला. "आराम पडलाय गं. छाती वाजायची थांबली."

"बोलतोय का?"

"नाही. दमलेत, डोळे मिटून बसलेत."

"ओठ कसे दिसतात?"

मी जवळ जाऊन पाहिलं. ओठ जांभळे पडले होते. मानेजवळचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता, आणि आवाज मात्र कसलाच नाही.

"वहिनी, हा आराम नाही. वाजायला आत हवाच जात नाहीये. आधी अँब्युलन्स बोलाव. त्याला आडवं करू नकोस. ती येईपर्यंत निळा देत राहा."

अँब्युलन्समध्ये चढवताना ह्यांची शुद्ध गेली. चार दिवस मशीन ह्यांच्यासाठी श्वास घेत होतं. पाचव्या दिवशी घशातली नळी काढली, तेव्हा हे लहान मुलासारखे रडले. मीही रडले.

काम सुटलं. ह्यांचे कपडे आणायला मी कारखान्यात गेले. ह्यांच्या जागी नवा पॉलिशवाला लागला होता, असेल तिशीचा. नाकाला नुसता रुमाल बांधलेला. बोलता बोलता दोनदा खोकला.

"किती दिवस झाले खोकल्याला?" मी विचारलं.

"हवा बदलली ना, ताई. जाईल आपोआप."

मी डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला आणि स्प्रे सुरू केला.