आम्हा दोघांची वाटणी

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. खरं सांगायचं तर अर्धाच आहे, कारण आमची जोडी असते. मी डावा, माझा भाऊ उजवा. एकाच फळीतून आमच्या पेट्या कापल्या आणि एकाच हाताने त्यांना पॉलिश चढलं. पहिल्या घरी एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला लेकरांसारखं जपलं. पाहुणे आले की आधी आमचं कौतुक, मग चहा. पुढे त्यांची मुलं कानात बोंडं घालून गाणी ऐकू लागली आणि आम्ही माळ्यावर गेलो. तिथे धूळ खाताना एकच समाधान होतं, भाऊ शेजारी होता.

मग जुन्या सामानाच्या दुकानातून दोन भावांनी मिळून आम्हाला घरी आणलं. थोरला पुस्तकबांधणी करतो, धाकटा बस चालवतो. एका घरात दोन खोल्यांत दोघांचे संसार, आणि दोघांवर त्यांची आई. आम्ही दारातून आत आलो तसं सगळं घर भोवती जमलं. धाकट्या सुनेने माझ्या लाकडावरून हळूच हात फिरवला. "अगंबाई, केवढं देखणं आहे हे!" किती वर्षांनी मला कुणी मायेने हात लावला होता!

पण त्या घरात आईंचा कायदा चालायचा. घरात येईल ते निम्मं-निम्मं. कलिंगडसुद्धा त्या एक डोळा मिटून, अंदाज घेऊन कापायच्या. सुनांमध्ये कधी वाकडं आलं नाही ते त्यामुळेच, असं त्यांना वाटे. "एक थोरल्याच्या खोलीत, एक धाकट्याच्या," त्या म्हणाल्या. हॉलमधल्या गाण्याच्या यंत्रापासून दारांखालून लांब वायरी ओढल्या आणि आमची ताटातूट झाली: मी थोरल्याकडे, भाऊ धाकट्याकडे.

गाणं सुरू झालं. माझ्या वाट्याला सगळी व्हायोलिनं, भावाच्या वाट्याला सगळा ढोल. गाणारी बाई दोन्हीकडे, पण पाणी घातलेल्या दुधासारखी पातळ.

"ताई, तुमच्याकडे व्हायोलिन येतंय का हो?" धाकटीने पलीकडून विचारलं.

"येतंय की, छान!"

"असेल बाई. आमच्याकडे नुसतं धाडधाड!"

मग वायरी बदलून ढोल माझ्याकडे दिला, तर थोरली फुगून बसली. दोघी जावा तुटक बोलू लागल्या. आईंचा चेहराच उतरला. जन्मभर सांभाळलेलं माप पहिल्यांदा चुकत होतं, आणि कुठे ते त्यांना कळत नव्हतं. "बिघडलेलं दिसतंय. देऊन टाका परत," त्या म्हणाल्या. पण परत आले तर गिऱ्हाईक मिळेल तसे एकेक सुटे विकेन, असं दुकानदार आमच्यासमोरच म्हणाला होता.

न्यायचं म्हणून आम्हाला हॉलमध्ये आणून दोन स्टुलांवर ठेवलं. "थांब, दोन्ही चालतात ना ते एकदा बघू," थोरला म्हणाला. "नाहीतर तो म्हणेल, तुम्हीच मोडलेत." आई समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, बरोबर मधोमध. धाकट्याने गाणं लावलं.

मित्रांनो, पुढे जे घडतं ते मला स्वतःला कधीच ऐकू येत नाही. मी माझं गातो, भाऊ त्याचं. पण माणसांचे चेहरे मला दिसतात. आई आमच्यामधल्या रिकाम्या भिंतीकडे टक लावून बघत राहिल्या.

"तिथे कोण गातंय?"

"तिथे कुठे कोण आहे, आई? भिंत आहे," धाकटी म्हणाली.

"तू इथे येऊन बस, आणि मग सांग मला भिंत!"

धाकटी त्यांच्या पायाशी येऊन बसली. थोरली खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभी राहिली. दोघींचे हात तोंडावर गेले. बाई गाता गाता श्वास घेत होती, तोसुद्धा त्यांना ऐकू येत होता. आई उठल्या आणि त्या मोकळ्या हवेत त्यांनी हात पुढे केला, एखाद्या पाहुणीच्या खांद्याला लावावा तसा. हाताला काहीच लागलं नाही. त्या परत येऊन बसल्या.

"हिची वाटणी मला नाही गं जमायची," त्या हळूच म्हणाल्या. "राहू द्या दोघांना इथेच."

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडे आमच्यासारखी जुनी जोडी आली, तर तिला उन्हात ठेवू नका, जाळीमागच्या नाजूक कागदी पडद्याला बोट लावू नका. पण सगळ्यात आधी आम्हाला एका भिंतीशी ठेवा आणि समोर एक खुर्ची मांडा. बाकीचं आम्ही दोघं बघून घेऊ.