उंबऱ्यावरचं बोलणं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. गाणी वाजवणारा नव्हे हं, उगाच आशा लावून बसू नका. तळहाताएवढा, काळा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, आणि जन्मभर सरकारी कामाला जुंपलेला. आमची कचेरी योजनांचं मूल्यमापन करायची. सरकारने लोकांसाठी काही केलं, की ते खरंच त्यांच्या भल्याचं झालं का, हे त्याच लोकांना जाऊन विचारायचं. काम चांगलं आहे. नीट केलं तर.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा तपासणीवरच्या मुलीने माझ्यात "एक, दोन, तीन" म्हटलं, ते मी तिला जसंच्या तसं परत ऐकवलं आणि तिने मान डोलावली. तेव्हा मला वाटलं, आयुष्य असंच सोपं असणार. तिथून मी पेटीत बसून आमच्या कचेरीत आलो आणि लोकांच्या मुलाखती घेणाऱ्या बाईंच्या हाती पडलो.

बाई कामाला चोख होत्या. कुणाच्या घरी गेल्या की आल्या आल्या बटण दाबलं, असं कधी नाही. आधी सांगायच्या, बोलायचं नसेल तर बोलू नका, तुमचं नाव कुठे येणार नाही, थांबा म्हणालात की थांबू. समोरच्याने होकार दिला की मगच मला सुरू करायच्या, आणि बोलणं संपलं की त्याच्यादेखत बंद. परवानगी नसताना एक शब्द घेतला तरी ती चोरीच, असं त्या नव्या माणसांना बजावायच्या. मला त्यांचा केवढा अभिमान वाटायचा! त्याही मला मऊ रुमालात गुंडाळून ठेवायच्या. कचेरीतले बाकीचे रेकॉर्डर पिशवीत एकमेकांवर आपटत असायचे आणि माझ्यावर जळायचे.

एकदा आम्ही डोंगरावरच्या एका वस्तीत गेलो. तिथले लोक त्या डोंगरावर सरकार जन्माला येण्याच्या आधीपासूनचे. त्यांची भाषा वेगळी, म्हणून वस्तीतलाच एक माणूस दुभाष्या म्हणून बरोबर घेतला होता. सरकारने वस्तीतल्या मुलांसाठी खाली शहरात निवासी शाळा काढली होती आणि थोडी मोठी मुलं तिथे नेलीही होती. आता अगदी लहानांनाही न्यायचं का, हे आमच्या अहवालावर ठरणार होतं.

तिथे एका आजीच्या घरी आम्ही बसलो. आईबापाविना राहिलेल्या दोन नाती तिने वाढवल्या होत्या. थोरली शाळेत होती. धाकटी माझ्याकडे टकामका बघत आजीला चिकटून बसली होती. आजी भरभरून बोलली. शाळा पक्की बांधलेली आहे, पोरींना पोटभर मिळतं, अंगावर धड कपडे आहेत, सरकारचे उपकारच म्हणायचे. बाईंनी आभार मानले, मला बंद केलं आणि त्या उठल्या.

आणि उंबऱ्यावर आजीने त्यांचा हात धरला.

त्या लोकांची रीतच तशी होती. पाहुण्याने आणलेल्या वस्तूला घरात बसून नावं ठेवायची नाहीत, बसल्या जागी सगळं गोड बोलायचं. खरं काय ते पाहुण्याला निरोप देताना, उंबऱ्यावर सांगायचं. दुभाष्याच्या हे इतकं अंगवळणी पडलेलं, की बाईंना ते ठाऊक नसेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आणि मी बंद! बंद होतो, पण बहिरा नव्हतो, मित्रांनो. आम्हाला ऐकू सगळं येतं, फक्त साठवता येत नाही.

आजी बोलत गेली आणि दुभाष्या खाली मान घालून सांगत गेला.

"थोरली सुट्टीत घरी आली. मी म्हटलं, ये, जवळ बस. तर ती या दुभाष्याच्या तोंडाकडे बघायला लागली, आजी काय म्हणते ते सांग म्हणून. शाळा आम्हाला हवी आहे. ती इथे आणा. पण धाकटीला नेऊ नका."

बाईंचा चेहरा उतरला. हे पुन्हा बोलाल का, यंत्रात घेऊ का, असं त्यांनी विचारलं. आजीने नकारार्थी मान हलवली. उंबऱ्यावरचं एकदाच बोलतात, आता ते तुमच्यापाशी, असं तिने सांगितलं. बाईंनी तिला शब्द दिला, की मी वरच्या साहेबांना सांगेन.

त्यांनी अहवालात लिहिलंही. साहेबांनी विचारलं, "टेपवर आहे का?" बाई म्हणाल्या, नाही. मग हे तुमचं मत झालं, म्हणत साहेबांनी तेवढा भाग काढून टाकला. बाईंनी पुन्हा वस्तीत जायला वेळ मागितला, पण मंजुरीची बैठक तोंडावर आली होती. त्या बैठकीत मला लांबलचक टेबलावर ठेवून आजीचं गोड बोलणं वाजवलं. तिचा शब्द न् शब्द खरा होता, म्हणून तर माझा जीव जास्त तुटत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई मूग गिळून बसल्या. मला त्यांचा राग आला, तो अजून गेलेला नाही.

पुढे बाई रजा काढून, पदरचं भाडं भरून पुन्हा डोंगरावर गेल्या. धाकटीला शाळेची गाडी घेऊन गेली होती. आजी रागावली नाही, रडलीही नाही. तिने मला हातात घेतलं आणि दुभाष्याला सांगायला लावलं, "यात माझा आवाज भरून न्या आणि पोरीला झोपताना ऐकवा." मग ती माझ्याशी बोलली. काय बोलली ते मला कळलं नाही. मध्येच ती हसली, काहीतरी गुणगुणली आणि धाकटीचं नाव घेत राहिली.

शाळेच्या वसतिगृहातल्या अधीक्षक बाई फार सभ्यपणे बोलल्या. इथे फक्त शाळेचीच भाषा चालते, घरचे आवाज ऐकले की मुलं रडतात आणि मग रुळत नाहीत, असं त्यांनी समजावलं. आमच्या बाईंनी तिथे आवाज चढवला, पण त्याचा आता काय उपयोग? आम्ही फाटकाबाहेर आलो. बाईंनी ती टेप माझ्यातून कधीच काढली नाही, आणि मला पुन्हा कुणाच्या घरी नेलंही नाही. पुढे त्या निवृत्त झाल्या. आजी गेल्याचं सांगायला दुभाष्या कचेरीत आला होता, तेव्हा त्याला ओळखणारं तिथे कुणी नव्हतं. आता मी अडगळीच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांखाली पडून आहे. माझ्या पोटात सेल गळतायत.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी उद्या मोठं होऊन लोकांना त्यांच्याबद्दल विचारायला जाईल. तेव्हा उठायची घाई करू नका. आधी त्यांची बोलायची रीत समजून घ्या. आणि तुमच्यावर विसंबून कुणी काही सांगितलं, तर टेपवर असो नसो, ते भर बैठकीत उभं राहून सांगा.

आणि या खोलीत कधी आलातच, तर माझ्यात नवे सेल घाला. धाकटी आता चांगली मोठी बाई झाली असेल. तिला शोधा आणि मला तिच्या कानाशी धरा. आजी काय म्हणते ते तिला कळणार नाही. पण आवाज तरी ओळखेल.