कॅरमची पावडर

डॉक्टरांनी सांगितलं होतं, तलफ आली की ती वीस मिनिटांच्या वर टिकत नाही. तेवढा वेळ हात गुंतवायचे. चिन्मयला ती रोज संध्याकाळी साडेपाचला यायची. साडेपाचलाच का, हे त्याला नीट माहीत होतं. शेंद्रा एमआयडीसीतल्या त्याच्या कंपनीची बस कामावरून परत उस्मानपुऱ्यात त्या वेळेला यायची, आणि बसमधून उतरलं की तो एमडीची, त्या नशेच्या पांढऱ्या पावडरीची, पुडी फोडायचा. नोकरी गेली, बस गेली, वेळ मात्र अंगात राहिली होती.

सोडल्याला आज सतरावा दिवस. पहिला आठवडा तो नुसता झोपला होता, चौदा-चौदा तास. उठला की सहा पोळ्या खायचा आणि परत आडवा व्हायचा. आता झोप कमी झाली होती, पण कशालाच चव नव्हती. चहा गरम लागायचा, गोड लागायचा, चांगला लागायचा नाही.

घरातलं सगळं फेकलं, असं त्याने आईची शपथ घेऊन सांगितलं होतं. ते खोटं होतं. एक भरलेली पुडी कपाटावर, कॅरमच्या पावडरच्या डबीत होती. चार वर्षांत कॅरम कोणी खाली काढला नव्हता. उद्या फेकू, असं तो रोज ठरवायचा. ती डबी आपण उघडत नाही, यालाच तो सोडणं म्हणत होता.

"चिनू, ऊठ."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले त्याचे वडील, व्यंकटराव, स्टुलावर चढून कपाटावरचा कॅरम ओढत होते. "वीस मिनिटं म्हणाले ना डॉक्टर? एक बोर्ड वीस मिनिटांत होतो. ऑफिसात मला कोणी हरवलेलं नाही, एक आप्पासाहेब सोडून. आणि त्यांना मीच जिंकू द्यायचो."

"बाबा, तुम्ही उतरा. मी काढतो."

"तू फक्त धर."

बोर्ड खाली आला, त्याच्यावर ठेवलेली डबीही. चिन्मयने हात पुढे केला, पण बाबांनी ती आधीच उचलली होती. हलवली. भोकांतून काही पडलं नाही. "गोळा झालाय वाटतं," म्हणत त्यांनी किल्लीने झाकण उचकटलं आणि डबी बोर्डाच्या मधोमध उपडी केली.

सापडलो, असं वाटायच्या आधी चिन्मयला वाटलं, सांडायला नको.

पांढरा ढीग पडला. बाबांनी तो तळहाताने चारही कोपऱ्यांपर्यंत पसरला. पुडी त्यात नव्हती.

चिन्मयने डबी उचलून आत बोट फिरवलं. रिकामी.

"काळ्या तुझ्या," बाबा म्हणाले.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "स्वराली, दुपारचं ताट तसंच आहे ग!"

"भूक नाही म्हटलं ना, आई!" आतल्या खोलीतून उत्तर आलं, एका दमात. स्वराली त्याची धाकटी बहीण, तेवीस वर्षांची. सीएचे पेपर अकरा दिवसांवर आले होते.

"चार दिवसांत पोरीनं ऑडिट संपवलं," बाबा अभिमानाने म्हणाले. "पहाटे बघावं तेव्हा तिचा दिवा चालूच. या घराचं आता तिच्यावरच... जाऊ दे. खेळ."

चिन्मयने नेम धरला. आता त्याला एकेक गोष्ट ऐकू येऊ लागली. माठावरचा पेला, तासाभरात चौथ्यांदा. पेनाचं बटण, टकटक टकटक, न थांबता. काल ती गाल आतून चावत बसली होती. त्याने विचारलं तेव्हा म्हणाली, अक्कलदाढ येतेय. असा चालणारा जबडा त्याने वर्षभर आरशात पाहिला होता.

बोलायला हवं होतं, आत्ताच. पण त्यासाठी आधी सांगावं लागणार होतं, की पुडी होती.

"राणी सोडलीस! लक्ष कुठंय तुझं?"

बोर्ड बाबांनी जिंकला. सहाला दहा कमी होते. वीस मिनिटं झाली होती. तलफ गेली नव्हती.

"हात धुऊन येतो," तो म्हणाला, आणि स्वरालीच्या खोलीत शिरून त्याने दार लोटून घेतलं.

तिने पुस्तकातून वर पाहिलं. खिडकीतलं उतरतं ऊन थेट तिच्या तोंडावर पडत होतं, तरी डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्याच होत्या.

"दादा, ओरडू नकोस," ती हळूच म्हणाली. "पेपर होईपर्यंतच. तू नाही का वर्षभर घेत होतास आणि कामावरही जायचास? मी तर अगदी थोडी थोडी..."

चल, बाबांना सांगू, दोघंही सांगू. वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं.

बाहेर बाबा सोंगट्या लावत होते. "ये रे चिनू! अजून एक बोर्ड!"

"उरलीय का?" चिन्मयने विचारलं.