चार गिअर मागे, एक पुढे

मामीच्या वडिलांचा फोन आला की पहिला प्रश्न "गाडी कशी आहे?" आणि दुसरा, आठवला तर, "तू कशी आहेस?" मामीला याचं वाईट वाटत नाही. गाडी तिच्याहून वयाने मोठी आहे. मोठ्यांची चौकशी आधी करतात.

मानेने वळायचं सोडलं तेव्हा आजोबांनी ती गाडी लेकीच्या हवाली केली. येत्या रविवारी त्यांना ऐंशी पूर्ण होणार होती आणि मामीने शब्द दिला होता, की मी स्वतः गाडी चालवत येते आणि तुम्हाला त्याच गाडीतून फिरवते. मामी शब्द देत नाही सहसा. दिला की मग घरात कोणी आडवं जात नाही.

अडचण एवढीच, की साठच्या वर गेली की गाडी किंचाळायची. मागच्या एक्सलमधले दातेच असे, की चाकाच्या एका फेरीसाठी इंजिनाला जवळजवळ पाच फेऱ्या माराव्या लागायच्या. दुसरा एक्सल टाकला तर साडेतीनमध्ये भागतं, हायवेवर इंजिन निवांत राहतं. हे मामाने कुठेतरी वाचलं. मामाने काही वाचलं की घरातली एखादी वस्तू निकामी होते.

मामाचा धंदा ग्रिल आणि गेटं बनवायचा. त्याच्या मते जगात लोखंड दोनच प्रकारचं: वेल्डिंग झालेलं आणि व्हायचं राहिलेलं. सोमवारी सर्व्हिसिंगच्या नावाखाली गाडी शेडमध्ये घेऊन, मामी शाळेत शिकवायला गेली असताना त्याने मागचा एक्सल उतरवला आणि भंगारातल्या एका व्हॅनचा आणून शेडमध्ये जमिनीवर पसरला. गाडीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, ज्या बैठकांवर टेकतात, त्या व्हॅनच्या एक्सलवर भलत्याच जागी होत्या. मामाने त्या कापल्या आणि तीनतीनदा मोजून नव्या जागी जोडल्या. अंतर अगदी अचूक होतं. त्याबद्दल आजही कोणाची तक्रार नाही.

"मामा, तेल भरायचं बूच खाली कसं?" तेलाचा डबा घेऊन मी विचारलं.

"आणि सांडायचं?"

"वर."

"मग वरून भर. जरा डोकं लाव की."

मी वरून भरलं. खरं तर सोपं पडलं.

शनिवारी मामी शाळेतून आली, तोवर एक्सल बसून तयार.

"मला विचारलंत?"

"अगं, विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

 मामी पर्स माझ्या हातात देऊन गाडीत बसली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी मागे गेली आणि तयार होऊन टेकवून ठेवलेल्या गेटात शिरली.

"पहिला टाक," मामा म्हणाला.

"पहिलाच आहे."

"मग दुसरा टाकून बघ."

दुसऱ्यात ती आणखी जोरात मागे गेली. मग मामा स्वतः बसला, कारण बाईमाणसाच्या हातात गाडी बिघडते असं त्याच्या पिढीचं शास्त्र सांगतं. तिसऱ्यात तो मागच्या मागे रस्त्यावर जाऊन पोचला. तिथून त्याने रिव्हर्स टाकला आणि गाडी कण्हत कण्हत पुढे, आमच्याकडे आली.

वाकून बघितलं तेव्हा कळलं: जोडताना एक्सल जमिनीवर पालथा पडला होता आणि मामाने बैठका त्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे पोटाला जोडल्या होत्या. पालथा एक्सल चाकं उलटी फिरवतो. पालथ्या घड्यावर पाणी ऐकून माहीत होतं. पालथ्या एक्सलमध्ये तेल मी स्वतः ओतलं होतं.

"चार गिअर मागे आणि एक पुढे," मामी म्हणाली. तिचा आवाज शांत होता. मी पर्स घेऊन दोन पावलं सरकलो.

"पण आवाज बघ ना किती कमी झाला," मामा म्हणाला. "हायवेला सुसाट जाईल."

"मागे."

"सीट उलटी बसवू. दोन वेल्डिंगचं काम आहे."

तो खरंच टेप घ्यायला निघाला.

"जुना एक्सल बसवा. आत्ताच्या आत्ता."

मामा टेपकडे बघत राहिला. "तो जरा उभा आहे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"डॉक्टरांच्या गेटाचा खांब झालाय. लोखंड चांगलं होतं गं. वाया कशाला घालवायचं."

मामीने वडिलांना फोन लावला. "बाबा, उद्या मी येत नाही. तुमच्या जावयाने गाडी उलटी केली." मग तिने अक्षर न गाळता सगळं सांगितलं.  मग आजोबा म्हणाले, "मी येतो."

रविवारी सकाळी ते बसने आले, काखेत आपली ड्रायव्हिंगची उशी घेऊन. चहालाही थांबले नाहीत.

"जावईबापू, हिला हात का लावलात?"

"बाबा, साठच्या वर ओरडायची हो."

"ओरडणारच. ती ओरडली की मी हळू व्हायचो. म्हणून ऐंशीचा झालो. तुमच्या गाडीत बसलो असतो तर पन्नाशीत आटोपलो असतो."

मामाने माझ्याकडे बघितलं. मी पर्सकडे बघितलं. ती कालपासून माझ्याकडेच होती.

आजोबांनी सीटवर उशी ठेवली, बसले, शेजारी मामीला बसवलं आणि रिव्हर्स टाकला. गाडी कण्हत पुढे निघाली, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, म्हणून मामा आणि मी दोन्ही बाजूंनी चालत राहिलो. डॉक्टरांच्या गेटासमोर आजोबांनी गाडी आडवी लावली आणि हॉर्नवर हात ठेवला.

डॉक्टर टॉवेल गुंडाळून बाहेर आले. "कोण सीरियस आहे?"

"मी," आजोबा म्हणाले. "तुमच्या खांबात माझा एक्सल आहे. तो निघेपर्यंत मी इथून हलत नाही."

"अहो, मला बाहेर जायचंय."

"मलाही जायचंय. कालपासून."

 मामीने काच पूर्ण खाली केली, नीट दिसावं म्हणून.

मामा पहार घेऊन आला. एक्सलवर निळा रंग चढला होता आणि बिजागऱ्या चिकटल्या होत्या, पण तो कापलेला नव्हता. आम्ही खणायला लागलो. सिमेंट चांगलं होतं. मामाने कोणाचंही काम कच्चं केलेलं नाही, हे त्या दिवशी माझ्या तळहातांना पटलं.

"आणि माझ्या गेटाचं काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन वेल्डिंगचं काम आहे," मामा खड्ड्यातून म्हणाला.

"अहो," मामीने गाडीतून हाक मारली. काल संध्याकाळनंतर ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलत होती. मामाने घाम पुसून आशेने वर बघितलं.

"बाहेर काढायच्या आधी खडूने लिहून ठेवा. गाडीत वर कुठलं, खाली कुठलं. आणि लिहिल्यावर बाबांना दाखवा."