हयात बाईंची नोंद

मित्रांनो, मी एक नोंद आहे. वयाने तशी जुनीच, पण म्हातारपणाचा निवांतपणा काही माझ्या वाट्याला आलेला नाही. मला हातात धरता येत नाही, माझ्यावर धूळ बसत नाही, आणि मला एका जागी स्वस्थही बसवत नाही. ग्रंथालयाच्या संगणकावर तुम्ही काही शोधता, तेव्हा खऱ्या वस्तूच्या आधी मी समोर येते. वस्तू काय आहे, कुणाची आहे, केव्हाची आहे आणि ती कुणाला वापरता येईल, हे सांगणं माझं काम. वस्तू बिचारी गप्प असते. तिच्या वतीने तोंड उघडायचं ते मी.

माझी वस्तू म्हणजे एक मुलाखत. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांचे फोन जोडून देणाऱ्या एका बाईंच्या घरी जाऊन एका हौशी शिक्षकांनी ती कॅसेटवर उतरवली होती. मागे भांड्यांचा आवाज येतो, मध्येच कुणीतरी दार लावतं, आणि बाई मात्र भरभरून बोलत सुटतात. पुढे ती कॅसेट ग्रंथालयात आली, तिची फाईल झाली, आणि माझा जन्म झाला.

मला लिहिलं कॅटलॉगच्या बाईंनी. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे टापटीपबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असत. त्यांनी कानाला हेडफोन लावून अख्खी मुलाखत ऐकली, दोनदा हसल्या, आणि माझे रकाने एकेक करून भरले. जन्मसालाचा रकाना तेवढा कोरा राहिला. शिक्षकांनी वय विचारलं तेव्हा ‘ते राहू द्या हो’ म्हणून बाईंनी विषय बदलला होता.

पुष्कळ वर्षं माझं बरं चाललं होतं. गर्दी नसायची, पण अधूनमधून कुणीतरी यायचं, ऐकायचं, जायचं. जुन्या यंत्रांचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने तर माझं वर्णन अगदी नेमकं आहे, असं कळवलंही होतं. टापटीपबाई त्या दिवशी दिवसभर खुशीत होत्या.

मग जोडणीचं काम निघालं. आता नोंदींनी सुटं सुटं राहायचं नाही, असं ठरलं. एका माणसाशी संबंधित जे जे असेल, ते सगळं त्या माणसाच्या एकाच ओळखीला दुव्यांनी बांधायचं. म्हणजे एक धागा ओढला की सगळं हाती येईल. कल्पना झकास होती. मीही हुरळून गेले होते.

संगणक सुचवत जाई आणि टापटीपबाई ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणत जात. एकाच माणसाच्या दोन ओळखी दिसल्या की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. माझी पाळी आली तेव्हा संगणकाने एक गायिका पुढे केली. नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, आणि दोघींच्याही वस्तू आवाजाच्या विभागातल्या. जन्मसाल जुळत नाही म्हणावं, तर माझ्याकडे ते नव्हतंच. टापटीपबाईंनी मला उघडून पाहिलं नाही. ‘होय’ म्हणाल्या आणि पुढच्या नोंदीकडे वळल्या.

त्या एका होकाराने माझी पार दैना झाली. गायिकेचं जन्मसाल माझ्यात येऊन बसलं. तिचा फोटो आला, तिच्या मैफिली आल्या. मागोमाग तिचं मृत्यूसालही आलं. गायिकेच्या वारसांनी तिचे आवाज परवानगीशिवाय ऐकवू नयेत असं सांगितलं होतं, म्हणून माझ्या मुलाखतीलाही आपोआप कुलूप लागलं. एवढ्यावर थांबतं तर बरं. जोडलेली माहिती एका ठिकाणी राहत नाही. इतर ग्रंथालयांनी माझ्या प्रती नेल्या, त्यांच्याकडून आणखी कुणी नेल्या, आणि एका धडधाकट बाईंच्या निधनाची बातमी मीच घरोघर पोचवत राहिले. आतून नुसती तडफड व्हायची. पण नोंदीला स्वतःचं काही खोडता येत नाही, मित्रांनो.

एका सकाळी दोघी जणी काउंटरवर आल्या. पुढची चाळिशीची, हातात मोबाईल. मागची वयस्कर, गळ्याला रुमाल, आणि खांद्यावरच्या पिशवीत एक छोटी पाटी. मुलीने सांगितलं, आईच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वरयंत्र काढावं लागलं. आई वाचली, आवाज गेला. घरात तिचा आवाज कुणी कधी साठवून ठेवला नव्हता. रोज कानावर पडणारा आवाज कोण साठवतं? मग ती जुनी मुलाखत आठवली. आईचं नाव घालून शोधलं, तर एका अनोळखी बाईचा फोटो, गाण्यांची रांग आणि शेवटी कुलूपबंद ही मुलाखत. मुलगी पुन्हा पुन्हा शोधायची, आणि दर वेळी मला वाटायचं की तिला हाक मारावी.

टापटीपबाईंनी मला पडद्यावर आणलं आणि चष्मा सावरला. “त्या बाई वारल्यात हो. त्यांच्या घरच्यांची लेखी परवानगी लागेल.”

“त्यांच्या घरची मीच,” मुलगी म्हणाली. “आणि वारलेल्या बाई या इथे उभ्या आहेत.”

टापटीपबाई म्हणाल्या की संगणकावर तसं स्पष्ट आहे. तेव्हा आईने पाटी काढली, सावकाश काहीतरी लिहिलं आणि काउंटरवर ठेवली. ‘मग माझं पेन्शन कोण घेतंय?’

हसू कुणालाच आवरलं नाही. पण मुलगी हसता हसता एकदम थांबली. “मला आईचा आवाज आठवेनासा झालाय,” ती म्हणाली. “ती हाक कशी मारायची, तेसुद्धा.”

टापटीपबाईंनी हेडफोन लावला, फक्त कर्मचाऱ्यांना खुल्या असलेल्या वाटेने कुलूपबंद फाईल उघडली आणि थोडं ऐकलं. भांड्यांचा आवाज आला असावा, कारण त्यांचा चेहरा पडला. “ही मी ऐकलेली आहे,” त्या हळूच म्हणाल्या, आणि समोरच्या खुर्चीत आईंना बसवलं. गायिकेचा दुवा त्यांनी तोडला. आईंची वेगळी ओळख तयार केली. पुन्हा असा घोळ नको म्हणून जन्मसाल विचारलं. आईंनी मुलीला पाठ फिरवायला लावली, पाटीवर आकडा लिहिला, टापटीपबाईंना दाखवला आणि लगेच पुसून टाकला. पाहता पाहता माझ्यातलं मृत्यूसाल गेलं, फोटो गेला, कुलूप गेलं. इतकं हलकं मला जन्मात वाटलं नव्हतं.

मग मुलाखतीतला आवाज सुरू झाला. बाई सांगत होत्या, एका सासरेबुवांचा फोन त्यांनी चुकून न्हाव्याच्या दुकानात जोडून दिला, आणि दोघं बराच वेळ लग्नाची बोलणी करत राहिले. मध्येच दार वाजलं. मुलाखत तोडून बाईंनी आत कुणाला तरी हाक मारली, शाळेतून आलीस का गं, हातपाय धू. मुलीने तोंडावर हात धरला. ती हाक तिलाच होती. शेजारी आईचे ओठ त्या शब्दांबरोबर हलत होते.

मित्रांनो, दोन माणसं एकच आहेत असं म्हणण्याआधी एकदा उघडून बघा. आमच्या दुव्यांमध्ये मोठं बळ आहे, म्हणूनच ते जपून बांधा. टापटीपबाईंनी सगळ्या ग्रंथालयांना दुरुस्ती कळवली आहे. काहींनी ऐकलं, काहींचा पत्ताच लागत नाही. त्यामुळे मी आजही अस्वस्थ आहे. एखाद्या दिवशी दूर कुठेतरी तुम्हाला माझी जुनी प्रत भेटेल आणि मोठ्या खात्रीने सांगेल की या बाई गेल्या. तिचं ऐकू नका. बाई आहेत. याच मंगळवारी मुलीला घेऊन आल्या होत्या आणि स्वतःचा आवाज पुन्हा एकदा ऐकून गेल्या.